जानेवारी, जिवंत लाव्हा आणि दोन बेटं

प्रश्न: मी पुण्यात लाइन प्रोड्यूसर म्हणून काम करते. एका मराठी-फ्रेंच सहनिर्मितीचं काम हाती आलं आहे. नायिका मॉरिशसच्या मराठी घरातली भूगर्भशास्त्रज्ञ, आणि उत्तरार्ध जिवंत ज्वालामुखीवर घडतो. शूटिंग २२ दिवसांचं, युनिट ३४ जणांचं. नायकाच्या तारखा जानेवारीत मिळाल्या आहेत. दिग्दर्शकांना खरा लाव्हा हवा आहे. मॉरिशसहून रियुनियन हे फ्रान्सचं बेट विमानानं पाऊण तासावर, त्यामुळे मुक्काम मॉरिशसला ठेवून गरज पडेल तसं सगळं युनिट पलीकडे न्यायचं असं ठरतंय. मॉरिशसमध्ये ३० टक्के खर्च परत मिळतो, तो बजेटमध्ये धरला आहे. कॅमेरा आणि लाइट मुंबईहून नेणार, केटररही आपलाच. यात काय बदलायला हवं?

उत्तर: ताई, तीन गोष्टी लगेच बदला. जानेवारी सोडा. ज्वालामुखीवर ३४ माणसं नेऊ नका, दहा न्या. आणि ते ३० टक्के जमेच्या बाजूला लिहू नका. बाकीचं बहुतेक सगळं यातून सुटत जाईल, पण प्रत्येकाचं कारण नीट समजून घ्या, कारण निर्मात्यांना आणि दिग्दर्शकांना ते तुम्हालाच पटवून द्यायचं आहे.

आधी महिना. नैर्ऋत्य हिंद महासागरात चक्रीवादळांचा हंगाम नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत धरतात आणि जानेवारी-फेब्रुवारी हा त्याचा ऐन भर. १५ जानेवारी २०२४ ला ‘बेलाल’ वादळानं रियुनियनला झोडपलं आणि त्याच दिवशी मॉरिशसची राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या. मॉरिशसमध्ये वादळाचे इशारे एक ते चार श्रेणींत देतात. पहिली श्रेणी लागली की जनरेटर, तंबू आणि क्रेन भाड्यानं देणारे आपापलं सामान आवरायला घेतात. तिसरीला सगळ्यांनी घरात बसायचं, दुकानं आणि वाहतूक बंद. वादळ बेटाला न शिवता बाजूनं गेलं तरी आवराआवर, थांबणं आणि पुन्हा उभारणी धरून तीन-चार दिवस हातचे जातात. २२ दिवसांच्या वेळापत्रकात अशी एकच खोट बसली तरी शेवटचे प्रसंग कापावे लागतील.

रियुनियनचा पाऊस तर आपल्या कल्पनेच्या पलीकडचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, तो मुंबईकर अजून विसरलेले नाहीत. रियुनियनच्या फोक-फोक इथे जानेवारी १९६६ मध्ये २४ तासांत १८२५ मिलिमीटर पडला. फेब्रुवारी २००७ मध्ये ‘गामेद’ वादळात कॉमर्सन विवरापाशी ७२ तासांत ३९२९ मिलिमीटरची नोंद झाली, आणि हे विवर ज्वालामुखीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अगदी कडेला आहे. म्हणजे तुमची गाडी जिथून रोज जाणार, त्याच जागेचा हा आकडा.

तुमच्यासाठी सप्टेंबरचा मध्य ते नोव्हेंबरची सुरुवात हा काळ उत्तम. नायकाच्या तारखा तेव्हा मिळतच नसतील तर मेअखेर ते जून ही दुसरी पसंती. जुलै-ऑगस्ट कोरडेच असतात, पण तेव्हा आग्नेयेकडून व्यापारी वारे जोरात वाहतात. संवादांमागे सतत वारा घोंघावतो, ऊन मऊ करणाऱ्या कापडाची चौकट, म्हणजे स्कीमर, उभा राहत नाही, ड्रोन आणि होडी दोन्हींचे दिवस वाया जातात.

महिना ठरवताना मॉरिशसच्या उसाकडेही बघा. तोडणी साधारण जून ते डिसेंबर चालते. तुम्ही मेमध्ये रेकी, म्हणजे जागांची पाहणी, केलीत तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस दिसेल आणि दिग्दर्शक त्या हिरव्या बोगद्याच्या प्रेमात पडतील. ऑक्टोबरात तिथे धसकटं असतील. बाहेरून जाणारी युनिट्स इथे हमखास फसतात, कारण हॉटेल आणि किनारे वर्षभर सारखेच दिसतात, शेत दिसत नाही. त्या जमिनी खासगी इस्टेटींच्या आहेत, परवानगी त्यांच्याकडूनच लागते. तेव्हाच कोणतं शेत कोणत्या आठवड्यात तोडणार हे लेखी मागून घ्या, आणि उसातले प्रसंग त्यानुसार आधी लावा. हा एक कागद छायालेखकाच्या महागड्या लेन्सइतका महत्त्वाचा आहे.

छायालेखकांना दुसरी एक गोष्ट आजच कळवा. दोन्ही बेटं विषुववृत्ताच्या दक्षिणेला २०-२१ अंशांवर आहेत. ऑक्टोबरात दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो, आणि उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं तर तो उजवीकडून डावीकडे सरकतो. महाराष्ट्रात वर्षानुवर्षं काम केलेला माणूस ‘दक्षिणेकडे तोंड असलेलं घर, दिवसभर ऊन’ असं सवयीनं बोलून जातो. इथे त्या घराचा दर्शनी भाग दिवसभर सावलीत राहील. रेकीत मोबाइलवरच्या सूर्यमार्गाच्या ॲपवर शूटिंगची तारीख घालून प्रत्येक लोकेशनचे सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीन फोटो काढून ठेवा.

आता पाऊस कुठे पडतो ते. वारे आग्नेयेकडून येतात, त्यामुळे दोन्ही बेटांची पूर्व आणि दक्षिण बाजू ओली, पश्चिम कोरडी. मॉरिशसच्या मधल्या पठारावर वर्षाला सुमारे ४००० मिलिमीटर पडतो, पश्चिम किनाऱ्यावर ९०० च्या आसपास. अंतर गाडीनं तासाभराचं. म्हणून मुक्काम पश्चिमेला, फ्लिक आँ फ्लाकच्या बाजूला ठेवा. पठारावर क्युरपिपला त्रू ओ सेर्फचं विवर आहे आणि गंगा तलावही विवरातलंच तळं आहे. या दोन्ही जागा दाट धुक्यात दिसेनाशा होतात. पठारावरचा प्रत्येक दिवस लावताना त्याच दिवशी पश्चिमेकडचं एक इनडोअर लोकेशन तयार ठेवा आणि त्याचं भाडं बजेटमध्ये धरा. नायिकेचं घर हेच ते लोकेशन असू द्या. घरातले प्रसंग सुरुवातीच्या आठवड्यात संपवून टाकण्याचा मोह होतो, तो टाळा. पाऊस आल्यावर हाताशी तेच उरतात. महाशिवरात्रीच्या सुमारास मात्र गंगा तलावाचं नाव काढू नका, बेटभरातून लोक पायी तिथे येतात आणि रस्ते भरून जातात. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. कथेत मराठी घर आहे, तेव्हा गणपतीचं विसर्जन दोन-तीन माणसांच्या लहान तुकडीनं आधीच येऊन टिपून ठेवलंत तर चित्रपटाला ते फार शोभेल. तिथल्या मराठी मंडळांना आधी पत्र पाठवा आणि कुटुंबांची रीतसर संमती घ्या.

मॉरिशसचा ज्वालामुखी केव्हाच शांत झालेला आहे. जिवंत आहे तो रियुनियनचा पितों द ला फूर्नेझ, उंची २६३२ मीटर. तिथे सगळं युनिट का न्यायचं नाही ते आता सांगतो. बूर-म्युरा या गावातून ज्वालामुखीचा रस्ता वर जातो. शेवटचा टप्पा प्लेन दे साब्ल या लालसर काळ्या राखेच्या मैदानातून कच्चा आहे. तो संपतो पा द बेलकोंबच्या कड्यावर, २३११ मीटरला. पुढे गाडी नाही. कड्यावरून शेकडो पायऱ्या उतरून मुख्य खोलगट भागात, म्हणजे आंक्लोमध्ये जायचं आणि संध्याकाळी त्याच चढायच्या. प्रत्येक पेटी माणसाच्या खांद्यावर. मुख्य विवराच्या काठापर्यंत जाऊन परत यायला सड्या माणसाला पाच-सहा तास लागतात, कॅमेऱ्यासह दिवस जातो आणि हातात दोन शॉट येतात. त्या वाटेला जाऊ नका. पायऱ्या उतरल्यावर थोड्याच अंतरावर फॉर्मिका लिओ नावाचा छोटा लाल शंकू आहे. पडद्यावर तो ज्वालामुखीच वाटतो, आणि मागे मुख्य शिखर मिळतं. तुमचे आंक्लोतले सगळे प्रसंग त्याच्या आसपास बसवा.

शिवाय वेळ. वर आकाश बहुतेक दिवस पहाटे स्वच्छ असतं. ऊन चढलं की किनाऱ्यावरची दमट हवा डोंगराला लागून वर सरकते आणि नऊ-दहाच्या पुढे ढग कड्यावर येऊन बसतात. एकदा बसले की दहा फुटांवरचा नट दिसत नाही. ऑक्टोबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो, म्हणजे भरवशाचे तास चार. त्या चार तासांसाठी ३४ माणसांना मॉरिशसहून विमानानं आणणं शक्यच नाही. दहा जणांनी बूर-म्युरा किंवा जवळपास राहायचं, चारला निघायचं, उजाडण्याआधी कॅमेरा लावून तयार असायचं. दहा म्हणजे दिग्दर्शक, एक सहायक, छायालेखक, फोकस सांभाळणारा फोकस पुलर, ध्वनी, कॅमेऱ्याचे स्टँड-आधार लावणारा ग्रिप, मेकअप-वेशभूषा मिळून एक जण, दोन कलाकार आणि तुम्ही. चालक, हमाल आणि डोंगराचे वाटाडे तिथलेच घ्या.

किनाऱ्यावर २६ अंश असताना वर दहा-बारा असतात, वारा वेगळाच. जुलै-ऑगस्टच्या रात्री तापमान शून्याजवळ जातं. नायिकेच्या सुती कुर्त्याखाली थर्मल बसेल असा एक माप मोठा जोड शिवून घ्या. खाली परतताना कॅमेरा पेटीत बंद करून, सिलिका जेलसह आणा आणि हॉटेलवर तासभर पेटी उघडू नका. थंड लेन्सवर किनाऱ्याच्या दमट हवेतलं पाणी आतल्या काचांवर धरतं आणि ते पुसता येत नाही.

तुमच्या २२ दिवसांची मांडणी अशी करा: मॉरिशस १६, रियुनियन ४, आणि रियुनियनसाठी राखीव २. रियुनियन शेवटी ठेवा. हवामानानं दिवस खाल्ले तर दहा माणसांचा मुक्काम वाढवणं परवडतं, ३४ माणसं दुसऱ्या बेटावर ताटकळत ठेवणं परवडत नाही.

आता दिग्दर्शकांचा खरा लाव्हा. हा ज्वालामुखी जगातल्या सर्वांत सक्रिय ज्वालामुखींपैकी आहे, पण तो तारीख देत नाही. काही वर्षी अनेक उद्रेक होतात, काही वर्षं कोरडी जातात. बूर-म्युराची वेधशाळा भूकंप आणि जमिनीची फूग मोजत असते, आणि उद्रेकाची लक्षणं दिसली की प्रशासन इशारा जाहीर करून आंक्लोचं फाटक बंद करतं. म्हणजे ज्या दिवशी लाव्हा असतो, त्या दिवशी तुम्हाला जवळ जाता येत नाही. पटकथा ‘उद्रेक झाला तर’ या आशेवर उभी करू नका. आणि परवानगीचा विषय बाजूला ठेवला तरी जवळ जाऊ नका. लाव्हा समुद्रात शिरतो तिथे हायड्रोक्लोरिक आम्ल आणि काचेच्या कणांची वाफ उठते. जुलै २०१८ मध्ये हवाईत किलाउएच्या लाव्ह्याजवळ गेलेल्या पर्यटकांच्या बोटीवर तापलेले दगड येऊन आदळले आणि २३ जण जखमी झाले. गंधकाच्या वायूनं दम्याच्या माणसाला पहिल्या काही मिनिटांत झटका येऊ शकतो, म्हणून दहा जणांच्या तुकडीतल्या प्रत्येकाची आधी वैद्यकीय तपासणी करा.

करायचं असं. रियुनियनचे स्थानिक छायाचित्रकार प्रत्येक उद्रेक टिपतात. त्यांच्याकडून चित्रपटगृह, ओटीटी आणि जगभरच्या हक्कांसह लेखी करारानं फुटेज विकत घ्या. फ्रेमरेट, रेझोल्यूशन, आणि लॉग किंवा रॉ (रंग नंतर हवे तसे बदलता येणारी मूळ) फाइल मिळेल का, हे करारातच लिहा. त्या फुटेजचा कॅमेऱ्याचा कोन आणि लेन्स लक्षात घेऊन तुमचे कलाकारांचे शॉट आखा, उलट नव्हे. भर दुपारी लाव्हा राखाडी कातडीखाली मंद दिसतो. सूर्य मावळल्यावरचा अर्धा तास सर्वांत मोलाचा, कारण तेव्हा आकाशात निळा प्रकाश उरलेला असतो आणि लाव्ह्याचा नारिंगीही दिसतो. म्हणून नायिकेचे समोरचे शॉट त्याच वेळेला, फॉर्मिका लिओजवळ नव्हे तर गाडी पोहोचते अशा प्लेन दे साब्लवर घ्या. संध्याकाळी ढग असतील तर असू द्या, मागचं शिखर या शॉटमध्ये नको आहे.

लाव्ह्याचा उजेड करताना एक चूक सर्रास होते: लाइटमन शेकोटीचा फ्लिकर लावतात. वाहत्या लाव्ह्याचा प्रकाश लपलपत नाही. तो खालून येतो, मोठ्या पृष्ठभागावरून येतो, आणि सावकाश कमी-जास्त होतो. एखादा पापुद्रा फुटला तरच क्षणभर उजळतो. दोन बॅटरीवरचे एलईडी पॅनल जमिनीलगत, १८०० ते २००० केल्विनच्या आसपास, समोर मलमल, आणि डिमरवर चार ते सहा सेकंदांची हळू चढउतार. एवढं पुरतं.

काळ्या जमिनीचा त्रास छायालेखकांना पहिल्या तासात कळेल. आपल्याकडे वाळू किंवा मातीवरून चेहऱ्यावर खालून थोडा उजेड परत येतो. बसाल्ट तो गिळतो. डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. फ्रेमच्या खाली जमिनीवर पांढरी चादर किंवा थर्माकोल अंथरा आणि दगड ठेवून दाबा, कारण वारा नेईल. परावर्तित प्रकाश मोजणारं मीटर काळ्या जमिनीला उजळवायला बघतं आणि आकाश जळतं, म्हणजे नुसतं पांढरं दिसतं. चेहऱ्यापाशी पडणारा प्रकाश मोजा.

लाव्ह्याचे दोन पोत असतात. एक गुळगुळीत, दोरखंडासारख्या वळ्यांचा. दुसरा करवतीसारखा खरबरीत, सुट्या ढेकळांचा. दुसऱ्यावर ट्रॉलीचे रूळ मांडायचा विचारच नको. घोट्यापर्यंत घट्ट बूट, जाड कातडी हातमोजे, गुडघ्याला पॅड. केबलवर जाड नळी चढवा, नाहीतर अर्ध्या दिवसात वरचं रबर कापलं जातं. ट्रायपॉडखाली प्लायचा तुकडा. बसाल्टच्या बारीक धुळीत मॅग्नेटाइट हे लोहखनिज असतं आणि ते चुंबकाला चिकटतं: फोकस मोटर, हेडफोन, माइकची कॅप्सूल. लेन्स बदलायची तर गाडीच्या आत, काचा वर करून. ड्रोनचं होकायंत्रही या दगडावर गोंधळतं. तो जमिनीवरून न उडवता लाकडी टेबलावरून उडवा आणि कॅलिब्रेशनची चूक दाखवली तर त्या दिवशी उडवू नका.

वर जाणं जमलंच नाही तर दोन पर्याय आधीच परवानगीसह हातात ठेवा. पूर्वेला ग्रां ब्रुले, जिथे समुद्रालगतचा महामार्ग लाव्ह्याच्या प्रवाहांवरून जातो. एप्रिल २००७ च्या उद्रेकात हाच रस्ता गाडला गेला होता. तिथे गाडीतून उतरून वीस पावलांवर काळं मैदान मिळतं, पाऊस मात्र भरपूर. दुसरा, नैर्ऋत्येला एतां-साले इथला काळ्या वाळूचा किनारा, कोरड्या बाजूला. समुद्रात उतरण्याचे प्रसंग रियुनियनला ठेवूच नका. शार्कच्या हल्ल्यांनंतर २०१३ पासून लगून (प्रवाळाच्या कड्याआतला उथळ समुद्र) आणि राखीव जागा सोडून तिथे पोहायला बंदी आहे. ते मॉरिशसच्या लगूनमध्ये करा, आणि प्रवाळावर कुणी पाय देणार नाही यासाठी एक माणूस पाण्यात उभा करा.

काही क्लोज-अप घरीही होतील. सह्याद्रीचा बसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्तस्थानातून, म्हणजे जमिनीखालून लाव्हा वर येत राहतो अशा जागेतून, आला असं मानतात, तेच आज रियुनियनखाली आहे. तुमची नायिका भूगर्भशास्त्रज्ञ आहे, तेव्हा पटकथेतही हे उपयोगी पडेल. हातोडीनं फोडलेला ताजा दगड, गुहेची भिंत, भिंग लावून पाहणं असे इन्सर्ट, म्हणजे मध्ये जोडायचे जवळचे शॉट, सह्याद्रीत घेता येतात. ताज्या लाव्ह्याची चकाकी आणि खरबरीतपणा मात्र आपल्या झिजलेल्या कातळात नाही. रुंद शॉटमध्ये ती फसवणूक चालणार नाही.

सामानाकडे वळू. मुंबईहून नेणार असाल तर एटीए कार्ने काढा, म्हणजे शुल्क न भरता सामान तात्पुरतं परदेशी नेऊन परत आणण्याचा सीमाशुल्काचा कागद. भारतात ते फिक्की देतं, मुदत एक वर्षाची असते आणि मालाच्या किमतीच्या प्रमाणात हमी मागतात. भाड्याचं सामान असेल तर भाडेकराराबरोबरच प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर, वजन आणि किंमत यांची यादी त्या भाडेवाल्याकडून सही करून घ्या. तुमच्या बाबतीत कार्ने दोन काढा. एकच काढलात आणि दहा जण काही पेट्या घेऊन रियुनियनला निघाले, तर मूळ कागद त्यांच्याबरोबर जाईल आणि उरलेलं सामान मॉरिशसहून परत पाठवताना हातात काहीच नसेल. पहिल्या कार्नेवर लाइट, ग्रिप आणि दुसरा कॅमेरा: मुंबई, मॉरिशस, मुंबई. दुसऱ्यावर ज्वालामुखीच्या सात-आठ पेट्या. त्यात भारतातून जाण्या-येण्यासाठी पिवळ्या पानांची जोडी, मॉरिशस आणि रियुनियनसाठी पांढऱ्या पानांची एकेक जोडी, आणि परतीच्या वाटेवर मॉरिशसमधून जाण्यासाठी निळ्या पानांची एक जोडी. प्रत्येक विमानतळावर शिक्का मारून घेतल्याशिवाय पेटी पट्ट्यावर चढवू नका. एखादा शिक्का राहिला तर माल त्याच देशात विकला असं धरून महिन्यांनी शुल्काची मागणी येते. टेप, जेल, मेकअप, बॅटरीचे सेल अशा संपणाऱ्या वस्तू कार्नेत बसत नाहीत. त्या तिथेच घ्या.

दोन बेटांमधली बरीचशी विमानं छोटी, पंख्यांची असतात. सामानाचं दार लहान आणि वजनाला मर्यादा. दोन मीटरची स्लायडर पेटी मॉरिशसपर्यंत येईल आणि तिथेच अडकेल. प्रत्येक पेटी एका माणसाला उचलता येईल अशी, २० किलोच्या आत बांधा. पुढे पायऱ्याही आहेतच. बॅटऱ्या १०० वॉट-तासांच्या आतल्या घ्या. १०० ते १६० च्या दरम्यानच्या सुट्या बॅटऱ्या माणशी दोनच आणि विमान कंपनीच्या परवानगीनं, त्यावरच्या प्रवासी विमानातून नाहीतच. सुट्या बॅटऱ्या केबिनमध्ये, टोकांना टेप लावून, दहा जणांत वाटून. वॉकी-टॉकी आणि बिनतारी माइकला मॉरिशसमध्ये दूरसंचार प्राधिकरणाची परवानगी लागते, फ्रिक्वेन्सीसकट अर्ज करा.

पैशांचं थोडक्यात. मॉरिशसची सवलत तिथलं इकॉनॉमिक डेव्हलपमेंट बोर्ड पाहतं. पात्र खर्चावर ३० टक्के, मोठ्या प्रकल्पांना अटींसह ४०. अर्ज शूटिंगच्या आधी मंजूर व्हावा लागतो, आणि पैसे खर्च झाल्यावर, हिशेब तपासून मिळतात. म्हणजे शूटिंगच्या २२ दिवसांत त्यातला एक रुपयाही हातात नसतो. तेवढी रक्कम उभी करायला कर्ज घेणार असाल तर त्याचं व्याज बजेटमध्ये लिहा. मुंबईत विकत घेतलेलं तिकीट, आपल्या कलाकाराचं मानधन यातलं काय पात्र ठरतं हे ओळीगणिक लेखी विचारा. फ्रान्सची वेगळी कर-सवलत आहे, पण तिला किमान खर्चाची आणि चित्रीकरणाच्या दिवसांची अट आहे. चार दिवसांच्या कामासाठी तिच्या मागे लागू नका. विमा घेताना चक्रीवादळ आणि ज्वालामुखी या दोन शब्दांवर बोट ठेवून वाचा. वादळाला नाव पडल्यावर घेतलेला विमा त्या वादळासाठी उपयोगी पडत नाही. वर १० टक्के आकस्मिक निधी, त्याला कुणी हात लावायचा नाही.

परवानग्यांत रियुनियनला जास्त वेळ जातो. ज्वालामुखीचा बराच भाग राष्ट्रीय उद्यानाच्या गाभ्यात आहे आणि २०१० पासून युनेस्कोच्या यादीतही. उद्यान, वनखातं आणि रस्त्यासाठी प्रशासन असे तीन अर्ज, फ्रेंचमध्ये, निदान तीन महिने आधी. अर्जात माणसं, गाड्या, तास आणि प्रत्येक जागेचा नकाशा द्या. ड्रोनचा अर्ज वेगळा. दहा माणसं, जनरेटर नाही, असं लिहिलेला अर्ज वाचणाऱ्यालाही सोपा जातो, आणि लहान तुकडीचा हा आणखी एक फायदा. स्थानिक माणसांना फ्रेंच कामगार कायदा लागू आहे: दोन दिवसांच्या मध्ये सलग ११ तासांची विश्रांती. पहाटे चारला गाडी हवी असेल तर आदल्या संध्याकाळी पाचनंतर त्या चालकाला थांबवता येणार नाही. संध्याकाळचे लाव्ह्याचे शॉट आणि पहाटेचे शॉट म्हणूनच एकापाठोपाठ लावू नका, किंवा चालक दोन ठेवा.

व्हिसातही एक खोच आहे. रियुनियन फ्रान्सचं असलं तरी शेंगेन क्षेत्रात नाही. नुसत्या शेंगेन व्हिसावर तुमच्या कलाकाराला विमानात बसू देणार नाहीत. अर्ज करतानाच रियुनियनचा उल्लेख आणि कामाचं स्वरूप लिहा. मॉरिशसला भारतीय पर्यटक सहज उतरतात, पण शूटिंग हे काम आहे. त्याची परवानगी स्थानिक निर्मिती कंपनीमार्फत आधी घ्या.

राहिला केटरर. मॉरिशसला न्या. डाळ, तांदूळ, मसाले, भाज्या सगळं तिथे मिळतं, तेव्हा माणसं न्या, धान्य नाही. रियुनियनला मात्र स्वयंपाकीही नको. ते युरोपीय संघात मोडतं, आणि बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला तिथे मनाई आहे. तूप, पेढे, खवा, पनीर काहीही बॅगेत सापडलं तर जप्त होतं, वर दंड. ताजा कढीपत्ता, आंबे, मिरच्याही नकोत. पहाटे चारला निघणाऱ्या दहा जणांसाठी आदल्या रात्री गावातल्याच खानावळीतून भात आणि डाळ थर्मासच्या डब्यांत भरून घ्या, माणशी दोन लिटर पाणी आणि चहाचा एक मोठा थर्मास. कड्याच्या पलीकडे काही विकत मिळत नाही, आणि कचरा सगळा परत खाली आणायचा असतो.